‘चो ओयू’चे मागचे दार



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक सवय मला संयोजकांनी सांगितली. विद्यार्थ्याने एखाद्या पुस्तकाचे तोंडभरून कौतुक केले की सर म्हणत, “बरं, आता खटकलं काय ते सांग.” म्हणून आज मी मनापासून आवडलेली, पण एका जागी चांगलीच खटकलेली कादंबरी घेऊन आले आहे. किरण देसाई यांची ‘द इनहेरिटन्स ऑफ लॉस’. २००६ साली तिला बुकर पारितोषिक मिळाले. आई अनिता देसाई यांचे नाव तीनदा अंतिम यादीत येऊन हुकले होते. लेकीने ते पस्तिसाव्या वर्षी घेतले. हे पारितोषिक मिळवणारी ती तोवरची सर्वांत तरुण लेखिका ठरली.

या कादंबरीबद्दल बोलताना स्थलांतर, जागतिकीकरण, वसाहतवाद हे शब्द हमखास येतात. ते खोटे नाहीत, पण त्यांनी पुस्तक झाकून जाते. मला बोलायचे आहे ते तिच्यातल्या स्वयंपाकघरांबद्दल, आणि मग तिच्यातल्या बाजाराबद्दल. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. ही लेखिका स्वयंपाकघरात शिरते तेव्हा तिच्या नजरेतून मिठाचा खडासुद्धा सुटत नाही. बाजारात मोर्चा निघतो, तेव्हा मात्र ती बंगल्याच्या व्हरांड्यात परत जाऊन उभी राहते.

गोष्ट घडते ती कालिंपाँगला आणि न्यूयॉर्कला, आलटून पालटून. कालिंपाँग दार्जिलिंगच्या पूर्वेला, तीस्तेपलीकडच्या डोंगरसोंडेवर, साधारण साडेबाराशे मीटर उंचीवर आहे. वर बाजार, शाळा, चर्च; खाली उतारावर मक्याच्या शेतांत विखुरलेल्या वाड्या, तिकडे त्यांना बस्ती म्हणतात. हा मुलूख भूतानचा होता. १८६४-६५ च्या युद्धानंतर तो इंग्रजांकडे आला. मग स्कॉटिश मिशनरी आले, शाळा निघाल्या. जेलेप ला खिंडीतून खेचरांच्या पाठीवर तिबेटची लोकर इथे उतरू लागली आणि तिच्यामागून मारवाडी पेढ्या आल्या. १९६२ च्या चीन युद्धाने ती वाट बंद पडली. मागे राहिले जुने बंगले, त्यांत पेन्शनीत निघालेली बंगाली आणि इतर मंडळी, आणि भोवती बहुसंख्येने नेपाळीभाषक माणसे, ज्यांच्या कष्टावर हे सगळे उभे होते.

अशा एका बंगल्याचे नाव ‘चो ओयू’. कुणा स्कॉटिश माणसाने हौसेने बांधलेला, आता वाळवीने खाल्लेला. हौस त्याची, पण नदीतले दगड वाहून आणताना हमालांची हाडे कशी वाकली, हे लेखिका सुरुवातीलाच सांगून टाकते. इथे राहतात निवृत्त न्यायाधीश जेमूभाई पटेल, त्यांची अनाथ नात साई, मट नावाची लाडकी कुत्री, आणि स्वयंपाकी. कादंबरीभर तो ‘स्वयंपाकी’च असतो, त्याचे नाव कळायला फार उशीर लागतो. त्याचा मुलगा बिजू न्यूयॉर्कमध्ये, कागदपत्रांशिवाय, एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात काम करत फिरतो आहे.

पहिलाच प्रसंग घ्या. फेब्रुवारी १९८६. संध्याकाळ. कांचनजंगेवरचा उजेड विझत चालला आहे. व्हरांड्यात न्यायाधीशसाहेब स्वतःशीच बुद्धिबळ खेळताहेत, साई मासिक वाचते आहे. आणि आत स्वयंपाकी ओल्या लाकडांवर चहा करायची खटपट करतो आहे. सरपणाच्या ढिगात विंचू राहतात याची त्याला धास्ती. धूर कोंडलेला, पाणी काही उकळत नाही, बाहेर चहाची वाट पाहणारे साहेब चिडचिडे. एवढ्यात जंगलातून पोरे येतात, एकाच्या हातात बंदूक, आणि घरातल्या शिकारीच्या बंदुका मागतात. वेगळ्या गोरखालँडसाठी शस्त्रे हवीत. ही पोरे नवखी आहेत, साहेबांइतकीच घाबरलेली. ती चहा मागतात, बरोबर भजी मागतात, मग आयसीएसमधून निवृत्त झालेल्या माणसाला मान खाली घालून ‘जय गोरखा’ म्हणायला लावतात. जाताना बंदुकांबरोबर तांदूळ, साखर आणि तोंडाला लावायचे क्रीमही नेतात.

दरोडा असा लिहायला धाडस लागते. दुसरा कुणी असता तर बंदुकीच्या नळीवर थांबला असता. ही लेखिका भज्यांवर थांबते, कारण दरोडेखोर आले तरी तळायचे कुणी, याचे उत्तर ठरलेलेच आहे.

खरा दरोडा पडतो दुसऱ्या दिवशी. पोलीस तपासाला येतात आणि झडती घेतात ती बंगल्याची नव्हे, स्वयंपाक्याच्या झोपडीची. त्याच्या सामानाची उलथापालथ करतात. सामान ते काय असणार? थोडी भांडी, जुने कपडे, आणि बिजूची पत्रे. ती पत्रे हवालदार वाचतात, हसतात, भिरकावतात. साई दारात उभी आहे. इतक्या वर्षांत ती त्या झोपडीत फारशी गेलेली नाही. ज्याच्या हातचे खाऊन ती वाढली, त्याची एवढीशी मालमत्ता तिला प्रथमच उघडी पडलेली दिसते आणि दोघेही शरमतात. तो आपल्या गरिबीने, ती आपल्या नजरेने. पान-दीड पानाचा प्रसंग आहे. नोकर आणि मालक यांच्या नात्यावर मी वाचलेल्या लेखनात याच्या तोडीचे फार थोडे आहे.

हा स्वयंपाकी काही पुण्यवान गरीब नव्हे, हे मला विशेष आवडते. तो चोरून छांग ही घरगुती दारू करून विकतो. साहेबांच्या घराण्याच्या खोट्या थोरवीच्या गोष्टी रचून सांगतो, कारण साहेब मोठे तर आपण मोठे. त्याच्या बापाने फक्त गोऱ्यांच्या घरी काम केले होते, त्यामुळे काळ्या साहेबाच्या चाकरीत आपली पायरी उतरली असे त्याला मनातून वाटते. साई पहिल्यांदा या घरात आली, आई-बाप गमावलेली, कॉन्व्हेंटमधून, तेव्हा आजोबा काय बोलावे या विवंचनेत होते. स्वयंपाक्याने उकडलेल्या बटाट्याची मोटारगाडी करून तिच्यापुढे ठेवली. साहेबी घरांच्या खानसाम्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही कारागिरी. त्या घरात त्या दिवशी मुलीशी बोलले ते फक्त बटाटे.

आणि याच माणसाला, शेवटाकडे, कुत्री हरवली म्हणून साहेब चपलेने मारतात. तोच दारू पिऊन येतो आणि ‘मारा मला’ म्हणून गयावया करतो. ती पाने वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते.

आता न्यूयॉर्क. बिजूने पाहिलेले न्यूयॉर्क जमिनीखाली आहे. वर फ्रेंच खाणावळ, इटालियन खाणावळ, मेणबत्त्या, वाइन. खाली तळघरात मेक्सिकोचा, पाकिस्तानचा, आफ्रिकेचा, भारताचा पोरगा कांदे चिरतोय, भांडी घासतोय. झांझिबारहून आलेला सईद सईद हा त्याचा दोस्त आणि त्याच्या दृष्टीने हिरोच, कारण सईद अमेरिकेशी लपंडाव खेळतो आणि जिंकतो. बिजूला ते जमत नाही. एका ठिकाणी गोमांस वाढावे लागते म्हणून तो काम सोडतो आणि ‘गांधी कॅफे’ नावाच्या हॉटेलात येतो. मालक आपला माणूस, धर्माचा माणूस. तिथे बिजू रात्री हॉटेलातच झोपतो, भाड्याचे पैसे वाचतात असे मालक समजावतो. एक दिवस तो घसरून पडतो, गुडघा दुखावतो आणि आपला माणूस डॉक्टर आणायला नकार देतो. गांधींचे नाव हॉटेलाला देण्यात काय काय बसते, ते लेखिका एका शब्दाचीही टिप्पणी न करता दाखवते.

इकडे बाप बाजारात ज्याला त्याला सांगत सुटतो, माझा मुलगा अमेरिकेत मॅनेजर आहे. लोक आपापल्या पोरांची नावे त्याच्या गळ्यात घालतात, बिजूला लिही, याचीही सोय कर. तोही लिहितो. दोन्ही बाजूंची पत्रे प्रेमाची आहेत आणि दोन्ही बाजूंची पत्रे थापांनी भरलेली आहेत. आपल्याकडच्या परदेशस्थ लेखनात इंजिनियर भेटतो, डॉक्टर भेटतो, डॉलरची आणि पोळ्यांची सांगड घालणारी त्याची बायको भेटते. तळघरात भांडी घासणारा मराठीत जवळजवळ भेटतच नाही. विमानात तो आपल्याच मागच्या रांगेत असतो, एवढे मात्र नक्की.

न्यायाधीशांचा इतिहासही अन्नाभोवतीच फिरतो. गुजरातेतल्या पिफिट नावाच्या गावातला हा शेतकरी कुळातला हुशार मुलगा. १९३९ साली मुंबईच्या धक्क्यावरून तो बोटीने विलायतेला निघतो. बाप धक्क्यावरून ओरडून सांगतो, नारळ समुद्रात टाक, आणि मुलगा टाकत नाही. चारचौघांत त्याला बापाची लाज वाटते. मग आईने बांधून दिलेल्या पुऱ्यांचे गाठोडे, त्याचा वास केबिनमधल्या दुसऱ्या माणसाला येईल म्हणून, तो पाण्यात फेकतो. नारळ राहिला, पुऱ्या गेल्या. केंब्रिजमध्ये कुणी त्याच्याशी धड बोलत नाही. तो परततो तो तोंडाला पावडर लावणारा, काट्या-सुरीने पोळी खाणारा साहेब होऊन. त्याची बायको निमी हे सगळे भोगते. तिच्यावर तो जे अत्याचार करतो ते लेखिका थेट लिहिते. शेवटी माहेरी हाकललेली निमी स्टोव्हपाशी जळून मरते, आणि ज्याचे आयुष्य न्याय देण्यात गेले तो माणूस चौकशी करत नाही.

आई अनिता देसाई यांच्या ‘फायर ऑन द माउंटन’ या १९७७ च्या कादंबरीतही हिमालयातला बंगला आहे, कसौलीचा, आणि नंदा कौल ही जगाला कंटाळलेली म्हातारी, आणि तिच्याकडे आलेली पणती. आईच्या कादंबरीत खालचे गाव शेवटाला भयंकर रीतीने वर येते, पण त्या आधी ते दूरच असते. मुलीने या बंगल्याला मागचे दार दिले, आणि चूल पेटवणाऱ्याला मधोमध आणून बसवले. हा मला दोघींमधला मोठा फरक वाटतो. (आईने आपल्या अलिबागजवळच्या थळवर ‘द व्हिलेज बाय द सी’ लिहिले तेव्हा मात्र ती थेट कोळ्याच्या झोपडीत शिरली होती, हेही न्यायाने सांगायला हवे.)

इथवर कौतुक. आता खटकलेले.

साईला गणित शिकवायला ग्यान नावाचा तरुण येतो. नेपाळीभाषक, पदवीधर, बेकार. त्याचे पूर्वज चहामळ्यावर मजुरीला आले, मग पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांच्या पलटणीत मेले. दोघे प्रेमात पडतात. एक दिवस तो बाजारात वह्या की तांदूळ आणायला गेलेला असताना मोर्च्यात ओढला जातो आणि हळूहळू त्याला साईच्या काट्या-चमच्यांचा, नाताळच्या सणाचा, इंग्रजी बोलण्याचा संताप येऊ लागतो. चो ओयूमध्ये बंदुका आहेत, ही बातमी पोरांना त्याच्याकडूनच मिळते.

मोर्च्याचे प्रकरण लेखिकेने बेजबाबदारपणे लिहिलेले नाही. भाषण करणारा माणूस बाकावर चढून चहामळ्यांची, पलटणीची, नाकारलेल्या नोकऱ्यांची गाऱ्हाणी मांडतो. पण ग्यान ऐकताना मनात म्हणतो, ही माणसे खरेच पेटली आहेत की जुन्या आंदोलनांच्या फिल्मा आठवून वागताहेत? निरीक्षण धारदार आहे. पुढे मात्र आंदोलन दिसते ते दारू, टवाळी, खंडणी, रस्ता अडवणे आणि पोरांची मर्दुमकी असेच. १९८६ च्या दार्जिलिंगमध्ये हे सगळे होतेच. एवढेच होते का?

आपण मराठी माणसांनी इथे कान टवकारायला हवेत. नेपाळीभाषकांची वेगळ्या प्रशासनाची मागणी १९०७ सालापासूनची. भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळावी, ही दुसरी मागणी. १९७७ मध्ये पंतप्रधान झालेल्या मोरारजी देसाई यांनी नेपाळी ही परकी भाषा म्हणून ती धुडकावली. मोरारजींचे नाव उच्चारले की मुंबईत आजही कोणती आठवण निघते ते मी सांगायची गरज नाही. १९५५-५६ मध्ये फ्लोरा फाउंटनपाशी आणि गिरणगावात गोळ्या चालल्या तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेच होते. एकाच माणसाने दोन भाषिक चळवळींना तोंड द्यावे आणि दोन्हींकडे त्याच्याविषयी तोच राग उरावा, हा योगायोग कुणा इतिहासकाराने सवडीने तपासावा.

१९८६ च्या आरंभी मेघालयातून नेपाळीभाषकांना परके म्हणून हुसकावण्यात आले. घाव जुना होता, तो उघडा पडला. १९५० च्या भारत-नेपाळ करारात दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांकडे राहण्याची मुभा आहे. भारतात चार पिढ्या जन्मलेल्या माणसालाही त्यामुळे कुणीही म्हणू शकते, तू त्या करारावर आलेला पाहुणा. म्हणून सुभाष घिसिंग यांच्या गोरखा राष्ट्रीय मुक्ती आघाडीने त्या कराराच्या प्रतींची होळी करायचे ठरवले. २७ जुलै १९८६, कालिंपाँग. पोलिसांनी गोळीबार केला, किमान १३ जण मेले. कादंबरीत ही होळी येते, रक्त येते, पण कागद का जाळायचा होता, हा पेच वाचकाच्या फारसा हाती लागत नाही. आणखी एक गोष्ट कादंबरीच्या आसपासही फिरकत नाही. घिसिंग हे माजी सैनिक तर होतेच, पण नेपाळीत कादंबऱ्या लिहिलेले लेखकही होते. ज्या चळवळीचा पुढारी कादंबरीकार आहे, तिच्यात शाळामास्तर, संपादक, कवी असणारच. ‘द इनहेरिटन्स ऑफ लॉस’मध्ये ते नाहीत. संयुक्त महाराष्ट्राची कादंबरी कुणी लिहिली आणि तिच्यात अत्रे नाहीत, अमरशेख नाहीत, अण्णाभाऊ नाहीत, फक्त दगड मारणारी पोरे आहेत, तर आपण काय म्हटले असते?

पुस्तक गाजल्यावर कालिंपाँगातल्या काही नेपाळीभाषकांनी नाराजी जाहीर केली. पुस्तक जाळण्याची भाषाही झाली. पुस्तक जाळण्याच्या मी ठाम विरोधात आहे. पण त्यांच्या रागाला ‘त्यांना साहित्य कळत नाही’ म्हणून उडवून लावणे, हे कादंबरीतल्या लोला आणि नोनी या बंगाली बहिणींसारखे होईल. या बहिणी बीबीसी ऐकतात, विलायती कपडे मागवतात, आणि नेपाळी माणसे कशी आहेत यावर एकमेकींना सांगत बसतात. त्यांच्या बागेत एक दिवस झोपड्या उभ्या राहतात. तक्रार करायला गेलेल्या लोलाला आघाडीचा स्थानिक म्होरक्या भर बैठकीत हसण्यावारी नेतो. या बहिणींची लेखिकेने उडवलेली खिल्ली मी हसत वाचली, आणि मग आठवले की वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की पुण्या-मुंबईच्या आपल्या बैठकांतला सूर हुबेहूब तसाच लागतो.

यावर एक प्रतिवाद होऊ शकतो. कादंबरी चो ओयूची आहे, आंदोलनाची नव्हे. सतरा वर्षांच्या मुलीला जेवढे दिसले तेवढेच दिसणार. मला तो पटत नाही, कारण निवेदन साईपुरते बांधलेलेच नाही. ते न्यायाधीशाच्या डोक्यात शिरते, स्वयंपाक्याच्या शिरते, न्यूयॉर्कला जाते, ग्यानच्याही मनात जाते. जायची मुभा असताना तिथून काय आणले, हा प्रश्न उरतो. स्वयंपाक्याच्या मनातून तिने अभिमान, लबाडी, माया, भीती सगळे आणले. ग्यानच्या मनातून मुख्यतः शरम आणि धरसोड. त्याचे घर दाखवले तेही साई लपतछपत पाहायला जाते तेव्हा, तिच्या नजरेने, अर्धवट पैशांत अर्धवट बांधलेले. स्वयंपाक्याच्या झोपडीत आपण त्याच्या बाजूने उभे होतो. ग्यानच्या घरात आपण पाहुणे आहोत.

याचे कारण मला असे दिसते, की स्वयंपाकघर हे बंगल्याच्या आत आहे. सहानुभूतीला तिथवर जायला दार आहे. नोकराचे दुःख मालकाच्या मुलीला समजू शकते, कारण ते तिच्या ताटाला लागून असते. मालकाच्या बंगल्याशी ज्याला काही देणेघेणे नको आहे, ज्याला स्वतःचे राज्य हवे आहे, त्याच्यापाशी जायला दुसरी वाट लागते. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय लेखकांपैकी थोड्यांनाच ती सापडली. आपल्याकडे दलित आत्मकथनांनी ती वाट स्वतः पाडली, कुणाची वाट न पाहता.

आंदोलन १९८८ मध्ये दार्जिलिंग गोरखा पर्वतीय परिषदेच्या करारावर थांबले. नेपाळीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला तो १९९२ साली, एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने, मणिपुरीबरोबर आणि आपल्या गोव्याच्या कोंकणीबरोबर. राज्य मात्र अजून झालेले नाही.

तर वाचायचे काय? देसाई वाचाच, पण त्याआधी इंद्रबहादूर राई वाचा. दार्जिलिंगचे शिक्षक, नेपाळीतले मोठे कथाकार आणि समीक्षक. २०१८ साली ते वारले. त्यांची ‘आज रमिता छ’ ही कादंबरी १९६४ ची, म्हणजे घिसिंगांच्या आंदोलनाच्या पुष्कळ आधीची. तिच्यात जनक नावाचा धंद्याच्या अडचणीत सापडलेला गृहस्थ आहे, चहामळ्यातल्या कामगारांचा लढा आहे, आणि दार्जिलिंगचा बाजार आहे. त्या बाजाराकडे कुणी वरून पाहत नाही, कारण जनक तिथलाच आहे. मंजुश्री थापा यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये आले. नेपाळीची लिपी देवनागरीच असल्यामुळे मूळ पुस्तक शेजारी उघडे ठेवून बसले, तर मराठी वाचकाला वाक्यामागून वाक्य अडखळत का होईना वाचता येते. इंग्रजी भाषांतरावर न थांबता हे पुस्तक थेट नेपाळीतून मराठीत आणणारे कुणी सभागृहात असेल, तर कार्यक्रमानंतर मला जरूर भेटा.